टाकी लागल्यानंतरचे पहिले वाटण

मित्रांनो, ज्याच्या अंगाला रोज सकाळी मिरची, दुपारी लसूण आणि सायंकाळी आले चोळले जाते, तरीही जो हूं की चूं करीत नाही, असा प्राणी आपण कधी पाहिला आहे काय? तो मी. मी श्रीरामपुरातील एक जुना पाटा आहे. वरवंटा माझा जोडीदार असून तो स्वभावाने थोडा फिरता आहे, मी मात्र जागचा हलत नाही. माझ्या आयुष्यात एक दिवस असा उगवला की त्या दिवशी मी एका भल्या माणसाची मान खाली घालावयास लावली आणि त्याच दिवशी मला माझे सारे भाऊबंदही सापडले. त्या दिवसाची आठवण झाली की दगड असूनही माझ्या अंगावर काटा उभा राहतो. परंतु इमारत पायापासून बांधावी, या न्यायाने मी जन्मापासूनच प्रारंभ करितो.

प्रवरा नदीच्या काठी काळ्या दगडाची एक खाण आहे. तेथे वडार समाजातील एका वृद्ध कारागिराने मला डोंगराच्या कुशीतून बाहेर काढले. त्याने प्रथम हातोडीने माझ्यावर टिचकी मारली व कान लावून ऐकले. माझा आवाज खणखणीत निघाला. पुढे चार दिवस त्याने माझे अंग सारखे केले, मग छिन्नीने माझ्या पाठीवर बारीक बारीक खड्डे पाडले. यालाच टाकी लावणे असे म्हणतात. हे खड्डे नसतील तर मसाला पाट्यावरून नुसता घसरतो, वाटला म्हणून जात नाही. त्या वृद्धाची सून राहीबाई त्या वेळी नवी नवरी होती. तिने मला डोक्यावर घेऊन राहात्याच्या बाजारात नेले.

तेथे मला झुंबरबाई भेटल्या. त्यांचे माहेर संगमनेर तालुक्यातले, आणि लग्न होऊन त्या नुकत्याच श्रीरामपुरास आल्या होत्या. त्यांनी माझी किंमत विचारण्याआधी माझ्यावर तळहात फिरविला. राहीबाईने त्यांना बजावून सांगितले, "बाई, घरी नेल्याबरूबर मसाला घालू नगा. आदी कोंडा वाटा. पयलं वाटन दगडाचं, दुसरं कोंबडीचं, आन् तिसरं मान्साचं."

मित्रांनो, या म्हणण्याचा अर्थ आपण नीट ध्यानी धरावा, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातूनच घडला. टाकी लागली की दगडाचा चुरा त्या बारीक खड्ड्यांत दडून बसतो. तो पाण्याने निघत नाही. कोंडा घालून वाटले म्हणजे कोंड्याबरोबर निघून येतो. पहिले वाटण फेकून द्यावयाचे, दुसरे कोंबड्यांना घालावयाचे, आणि तिसरे चिमूटभर दातांखाली धरून पाहावयाचे. कचकच लागली नाही, तरच त्या पाट्यावर माणसांचे अन्न वाटावयाचे.

झुंबरबाई व त्यांचे यजमान काकासाहेब यांनी स्टेशनरस्त्यावर प्रवरामाई भोजनालय नावाची खानावळ काढली होती. मागील अंगणात मोरीपासून थोड्या अंतरावर माझी स्थापना झाली. मागील दार उघडे असले की मला दर्शनी खोली आरपार दिसत असे. तेथे पाट, ताटे आणि पाण्याचे तांबे, एवढाच थाट होता. परंतु माझ्यासमोरून जे लोक जेवून गेले, त्यांचे वर्णन मी कोणत्या शब्दांत करू? कापसाच्या खरेदीस आलेले गुजराती व्यापारी लसणाचा वास आला की पाटावरून उठत, म्हणून त्यांच्यासाठी मला तीन वेळा धुवून वेगळे वाटण होई. पंजाबी ट्रकड्रायव्हर मात्र लसणीवाचून बसतच नसत. रेल्वेतील एक मद्रासी बाबू ओल्या खोबऱ्याची चटणी करावयास लावी व ती भाकरीबरोबर डोळे मिटून खाई. मिशन शाळेचे शांतवन मास्तर नाताळात मटणाच्या मसाल्याचे सारे सामान स्वतःच घेऊन येत आणि जवळ उभे राहून वाटून घेत. मित्रांनो, मी गावची वेस कधी ओलांडली नाही, पण सारा देश माझ्या पाठीवरून गेला. ज्याने त्याने आपला गाव माझ्या अंगावर वाटून घेतला. या गोष्टीचा मला केवढा हर्ष होत असे!

माझ्यावर वाटण करणाऱ्या बाईंचे नाव बनाबाई. त्या बौद्ध समाजातील असून त्यांच्या मनगटात विलक्षण ताकद होती. झुंबरबाईंनी त्यांना पाट्यावर बसविले, तेव्हा दोन जुन्या गिऱ्हाइकांनी नाके मुरडली. झुंबरबाईंनी भाकरी थापता थापता त्यांना ऐकविले, "वाटन बारीक हाय का न्हाई, ते बगा. हात कुनाचा हाय, ते बगायचं आसंल तर त्यो रस्ता मोकळा हाय." एक गिऱ्हाईक गेले. दुसरे मासवडीच्या वासाने परत आले.

मासवडी ही झुंबरबाईंची ख्याती होय. डाळीच्या पिठाचे घट्ट पिठले ओल्या फडक्यावर थापावयाचे, त्यात तीळ, सुके खोबरे, कांदा व लसूण यांचे वाटलेले सारण भरावयाचे, फडक्यासकट वळून त्यास माशाचा आकार द्यावयाचा आणि वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर वाढावयाच्या. त्यात मासा नावालाही नसतो. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. झुंबरबाई स्वयंपाक करताना कधीही चव घेऊन पाहत नसत. पाहुण्याच्या आधी जिभेला लावले की अन्न उष्टे होते, असे त्यांच्या आईने त्यांना शिकविले होते. त्या नुसत्या वासावरून मीठ ओळखीत. वीस वर्षांत त्यांचे मीठ कधी चुकले नव्हते.

पुढे समोरच्या बाजूस शेट्टीअण्णांचे उडुपी हॉटेल निघाले. तेथे संगमरवरी मेजे होती, भिंतीला आरसे होते आणि इडली चिनी मातीच्या बशीत मिळत होती. त्यातच काकासाहेब एकदा पुण्यास जाऊन एका मोठ्या हॉटेलात जेवून आले. परत आले ते निराळेच होऊन आले. कोटाच्या खिशातून त्यांनी तेथील भोजनपत्रिका बाहेर काढली व पाटीवरील नाव बदलून "हॉटेल प्रवरा, सुग्रास भोजनगृह" असे रंगवून घेतले. पाट गेले, मेजे आली.

"अगं, जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे," ते झुंबरबाईंना समजावीत. "जेवण म्हणजे वातावरण."

"त्या वातावरनात मीठ किती घालायचं, तेवडं सांगा," झुंबरबाई म्हणत.

एके दिवशी माझ्याकडे बोट दाखवून काकासाहेब म्हणाले, "आता विजेचं यंत्र आणू. हा दगड मोरीत टाकला की धुणं धुवायला उपयोगी पडेल." मित्रांनो, ज्या अंगावर अन्न वाटले गेले त्या अंगावर मळकी धोतरे आपटली जाणार, या कल्पनेने मला किती रात्री झोप लागली नाही, हे मी आपणास काय सांगू?

याच सुमारास, म्हणजे सन १९७१ च्या प्रारंभी, उसाचा हंगाम भर रंगात असताना, कारखान्याच्या पाहुणचाराची व्यवस्था पाहणारे आप्पासाहेब आमच्याकडे आले. कारखान्यावर नवे भोजनगृह बांधून तयार झाले होते. ते चालविण्यास कोणास द्यावे, हा प्रश्न होता. पुण्याचा एक कंत्राटी स्वयंपाकी तयार होता. दुसरे नाव झुंबरबाईंचे होते.

"परवा दुपारी निरनिराळ्या प्रांतांतून चोवीस साखरतज्ज्ञ येणार आहेत," आप्पासाहेब म्हणाले. "एक जेवण तुमच्याकडं. ते जेवून उठले की मी माझं सांगतो."

ते गेल्यावर झुंबरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बनाबाईंना त्या हळूच म्हणाल्या, "बना, मला ती चूल पायजे गं. उभं ऱ्हाऊन करायची, धूर वर जाणारी. ह्या चुलीनं डोळे गेले माजे." त्यांच्या डोळ्यांतून खरोखरच नेहमी पाणी वाहत असे. त्या क्षणी मी मनाशी प्रतिज्ञा केली की, या माउलीसाठी मी माझे सर्वस्व अर्पण करीन.

परंतु माझ्या पाठीवरचे खड्डे झिजून गेले होते. मी गुळगुळीत झालो होतो. चोवीस पानांचे वाटण माझ्याच्याने होणे शक्य नव्हते. म्हणून झुंबरबाईंनी टाकी लावण्यास राहीबाईला सांगावा धाडला. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी येण्याचे कबूल केले. म्हणजे जेवणाच्या आधी पुरता एक दिवस हाती राहत होता.

दुसरा दिवस उजाडला. राहीबाई छिन्नी-हातोडी घेऊन दारात उभी राहते न राहते, तोच कारखान्याचा एक शिपाई सायकलवरून धापा टाकीत आला. पाहुण्यांचा बेत बदलला होता. ते उद्याऐवजी आजच दुपारी एक वाजता जेवावयास येणार होते.

काय ती धांदल! काकासाहेबांनी एक चप्पल घालून शांतवन मास्तरांच्या घराकडे धाव घेतली, कारण भोजनपत्रिका इंग्रजीत टाइप करावयाची राहिली होती. झुंबरबाई मात्र स्थिर राहिल्या. त्यांनी सूर्याकडे पाहून हिशेब केला. आठपर्यंत टाकी, नऊपर्यंत कोंडा, मग मसाला. वेळ पुरत होता. राहीबाईने बसकण मारली आणि टक टक टक टक असा तो नाद सुरू झाला. मित्रांनो, त्या वेदना गोड असतात. आपले तारुण्य परत येत आहे, असे वाटते.

जाताना राहीबाईने बनाबाईंना तेच जुने शब्द ऐकविले व वर म्हणाली, "माजा सासरा ह्या दगडाला आपला थोरला ल्योक म्हनायचा. त्याचं नाव जाऊ देऊ नगं."

बाजरीचे पीठ ताजेच पाहिजे म्हणून झुंबरबाई स्वतः गिरणीत गेल्या. बनाबाईंनी पहिला कोंडा वाटला. काळाभोर चुरा निघाला. तो त्यांनी फेकून दिला. दुसऱ्यांदा कोंडा घेण्यास त्या वाकल्या, इतक्यात काकासाहेब परत आले. त्यांच्या एका हातात भोजनपत्रिका होत्या व दुसऱ्या हातात साबणाची वडी होती.

"हे काय, बनाबाई? साहेब लोक हात धुवायला मागं येणार, आणि पाट्यावर कोंबड्यांचं खाद्य?"

"मालक, आजून दोन येळा कोंडा वाटायचा ऱ्हायलाय."

"अहो, स्वच्छतेला शास्त्र असतं. बघा तुम्ही."

असे म्हणून त्यांनी राहिलेला कोंडा कोंबड्यांपुढे ओतला, बाह्या सरसावल्या आणि मला साबणाने घासण्यास आरंभ केला. सहा बादल्या पाणी ओतले. नारळाच्या शेंडीने माझे कानाकोपरे घासले. मी आरशासारखा चमकू लागलो. मला ते आवडले, हे मी कबूल करितो. इतक्या प्रेमाने मला कोणीच न्हाऊ घातले नव्हते. माझ्या पोटातील चुरा अजून तेथेच आहे, हे मला कळत होते. पण दगडाला वाचा कोठून असणार?

"झाला की नाही काचेसारखा? आता घाला खोबरं," काकासाहेब म्हणाले.

"बाई वरडतील, मालक."

"बाईंना मी सांगतो."

बनाबाईंनी क्षणभर वरवंटा धरून ठेविला. मग खाली मान घालून त्या वाटू लागल्या. भाजलेले खोबरे, तीळ, करपवलेला कांदा, लसूण, सारे माझ्यावरून गेले. झुंबरबाई गिरणीतून आल्या. त्यांनी माझी झळाळी पाहिली, कोंड्याची रिकामी टोपली पाहिली.

"झालं का तीनदा?" त्यांनी विचारले.

बनाबाईंनी काकासाहेबांकडे पाहिले. काकासाहेब मेजावर हातरुमालाची त्रिकोणी घडी घालीत होते. "झालंय सगळं," ते तिकडूनच म्हणाले.

झुंबरबाईंनी वाटण नाकाशी धरले. वास अप्रतिम होता. वासाला खडा कळत नाही, मित्रांनो.

ठीक एक वाजता चार जीपगाड्या व एक मोटार दाराशी उभ्या राहिल्या. काय ते पाहुणे आणि काय त्यांचे पोशाख! एक सरदारजी होते, कपाळाला भस्म लावलेले एक मद्रासी इंजिनिअर होते, उत्तरेकडील दोघे होते, आणि कलकत्त्याकडील एका रसायनतज्ज्ञांबरोबर त्यांच्या पत्नी घोषालबाई तांबड्या काठाचे पातळ नेसून आल्या होत्या. पांढऱ्या चादरी, मध्ये झेंडूची फुले, प्रत्येकापुढे भोजनपत्रिका. मासवडीस इंग्रजीत काय म्हणावे, याचा शांतवन मास्तरांनी तासभर विचार करून "मासा नसलेला मासा" असे भाषांतर केले होते. ते वाचून इंजिनिअरसाहेब हसले व त्यांनी ती पत्रिका घडी करून खिशात ठेविली. काकासाहेबांची छाती फुगून आली. मागील दारातून हे सारे पाहताना माझा आनंदही माझ्यात मावेना. मीच वाटलेले हे अन्न सारा देश एका पंक्तीस बसून खाणार होता.

प्रथम मासवडीच्या वड्या वाढल्या गेल्या. आप्पासाहेबांनी एक वडी मोडून तोंडात घातली.

कच.

तो आवाज मी अंगणात ऐकिला. मग दुसरीकडून तसाच आवाज आला, मग तिसरीकडून. सरदारजींनी गालावर हात ठेविला. कोणी हळूच हातरुमाल तोंडाला लावला. चमचे थांबले.

आप्पासाहेब पाणी प्याले. ते हळू पण स्पष्ट बोलले, "काकासाहेब, खडे आहेत. वाटण कोणी वाटलं?"

सर्वांचे डोळे मागील दाराकडे वळले. तेथे बनाबाई उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात मसाल्याने माखलेले होते. मित्रांनो, त्या वेळी काकासाहेबांनी नुसते मौन पाळले असते तरी पुरे होते. सारा दोष त्या माखलेल्या हातांवर आपोआप जाऊन बसला असता आणि कोणी दुसऱ्यांदा विचारलेही नसते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. हातातील हातरुमालाची त्रिकोणी घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली.

"वाटलं बनाबाईंनी," ते म्हणाले. "पण त्या नको म्हणत होत्या. पाट्याला टाकी आजच लागली. कोंडा तीनदा वाटायचा असतो, मी एकदाच वाटू दिला. मग साबणानं धुतला आणि घरात खोटं सांगितलं. चूक माझी आहे, साहेब."

एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. आणि मग जे वीस वर्षांत घडले नव्हते ते घडले. झुंबरबाई पदर सावरून गिऱ्हाइकांसमोर दर्शनी खोलीत आल्या.

काकासाहेब त्यांच्या कानाशी लागले, "रस्सा वरचा वर नितळून घेऊ. खडा खाली बसला असेल. फडक्यातून गाळला तर चालेल."

"चालंल," झुंबरबाई म्हणाल्या, "पर वाढनार न्हाई." त्यांनी रश्श्याचे पातेले दोन्ही हातांनी उचलले व माझ्यासमोरून नेऊन सगळेच्या सगळे मोरीत ओतले. वड्यांची परात ओतली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "एक तास द्या मला. न्हाई जमलं, तर पुन्यावाल्याला बलवा. मी काय बोलनार न्हाई."

आप्पासाहेबांनी घड्याळाकडे पाहिले. उत्तर येण्यापूर्वीच घोषालबाई खुर्चीवरून उठल्या. त्या मागील अंगणात आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर तळहात फिरविला. अगदी तसाच, जसा राहात्याच्या बाजारात झुंबरबाईंनी फिरविला होता. टाकीचे ताजे खड्डे त्यांच्या बोटांना लागले. त्या हसू लागल्या.

"आज ही काटा है ना? हमारा घर में भी ऐसा हुआ था," त्या म्हणाल्या. "मेरी शादी का दिन. सब लोग सरसों के साथ पत्थर खाया. मेरे ससुरजी का एक दाँत गया. आज तक बोलते हैं, बहू दहेज में पत्थर लाई."

झुंबरबाईंना हिंदी अर्धे कळले, पण हसणे पूर्ण कळले. त्यांनी कोंड्याची पिशवी पुढे केली. घोषालबाईंनी ती बाजूला सारून मुठीने तांदूळ मागितले, कारण त्यांच्याकडे म्हणे तांदूळच वाटतात. एका बाजूस बनाबाई, दुसऱ्या बाजूस घोषालबाई, आणि वरवंटा मध्ये! मद्रासी इंजिनिअरही बाहेर आले. त्यांच्या आईच्या घरी असाच दगड असून त्यास ते अम्मी म्हणत. बंगालमध्ये मला शिल म्हणतात, उत्तरेकडे सिल म्हणतात, आणि सरदारजींच्या घरी माझा चुलतभाऊ कुंडी नावाने नांदतो, हे सारे मला त्या एका तासात कळले. मी अनाथ डोंगराचे लेकरू समजत होतो स्वतःला! माझे कूळ या देशाच्या प्रत्येक स्वयंपाकघरात पसरलेले होते. आणि प्रत्येक ठिकाणी टाकी लागल्यावर कोणीतरी घाई करितच होते.

तोपर्यंत समोरून शेट्टीअण्णा धोतराचा सोगा धरून, डोक्यावर भले मोठे भांडे घेऊन आले. भांड्यात वाफाळलेल्या इडल्या होत्या.

"काकासाहेब, आमी ऐकला," ते म्हणाले. "पाहुणा तुमचा नाय, गावाचा हाय. भुक्का बसला तर शेट्टीला पण लाज वाटते."

ज्या माणसाचा काकासाहेब दहा वर्षे मनातून हेवा करीत होते, त्याच्या हातून भांडे उतरवून घेताना त्यांचे डोळे भरून आले. पाहुण्यांनी इडल्या खाल्ल्या. अंगणात मात्र एकच गर्दी झाली होती. पहिले वाटण फेकले. दुसरे कोंबड्यांना घातले. तिसरे वाटण झाल्यावर सर्व क्षणभर थांबले. चिमूट कोणी दातांखाली धरावयाची?

"मी धरतो," काकासाहेब पुढे आले. त्यांनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि सावकाश चावली. मग म्हणाले, "नाही. कचकच नाही. पण आणखी एकदा वाटा."

मित्रांनो, चौथे वाटण झाले. मग खोबरे आले, तीळ आले, लसूण आला. बनाबाईंचे मनगट त्या दिवशी असे फिरले की वरवंट्याला घेरी आली. झुंबरबाईंनी पिठले घोटले, थापले, वळले. रश्श्याला असा तवंग आला की अंगणातील कावळेदेखील शिंकले. अडीच वाजता पाहुणे दुसऱ्यांदा पानावर बसले. इडल्या खाल्लेल्या असूनही सरदारजींनी तीन भाकरी खाल्ल्या व चमचा बाजूस ठेवून बोटांनी वाटी निपटली. ते पाहून इतरांनीही चमचे ठेविले. मेजे तशीच होती, चादरी तशाच होत्या, पण आता कोणी ताठ बसले नव्हते.

पाहुणे निघाले तेव्हा काकासाहेब आप्पासाहेबांजवळ गेले. "साहेब, भोजनगृह पुणेवाल्यांना द्या. आम्ही समजून घेऊ," ते म्हणाले.

"पुणेवाला असता तर त्यानं वरचं नितळून वाढलं असतं," आप्पासाहेब बडीशेप चघळीत म्हणाले. "आणि मी मुकाट्यानं खाल्लं असतं. पाडव्याला या तुम्ही दोघं किल्ली न्यायला. बनाबाईंना घेऊन या. एकच सांगून ठेवतो, पुन्हा माझ्या दाताखाली खडा आला तर मी दात दाखवायला तुमच्याच दारात येईन."

पाडव्यानंतर आम्ही भोजनगृहात गेलो. आम्ही असे मी अभिमानाने म्हणतो. काकासाहेबांनी मला पोत्यांवर ठेवून टेम्पोतून नेले. झुंबरबाईंना उभ्याने स्वयंपाक करावयाची चूल मिळाली. धूर वर जाऊ लागला आणि त्यांच्या डोळ्यांचे पाणी थांबले. विजेचे यंत्रही आले. खरे सांगतो, पहिले काही महिने मी पोत्याखालीच पडून होतो. यंत्राची घरघर ऐकत असता मला वाटे, झाले, आता मोरी दूर नाही. परंतु एके दिवशी यंत्रातून निघालेल्या सारणाची मासवडी झुंबरबाईंनी नाकाशी धरली व पुन्हा परातीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी राहीबाई छिन्नी घेऊन हजर झाली.

तेव्हापासून हे असेच चालू आहे. सहा महिन्यांनी राहीबाई येते आणि टक टक असा नाद होतो. ती उठली की बनाबाई वरवंटा धरीत नाहीत. त्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. कोट काढून ठेवून काकासाहेब स्वतः माझ्यासमोर मांडी घालतात, आणि चार वेळा कोंडा वाटतात. त्यांना ते काम मुळीच साधत नाही. कोंडा इकडे उडतो, तिकडे उडतो. बनाबाई म्हणतात, "मालक, वरवंटा लोटायचा आसतुया, त्याच्याशी कुस्ती न्हाई खेळायची."

आणि पंगत बसण्यापूर्वी झुंबरबाई पहिली वडी काढून बशीत ठेवतात. ज्या बाईने वीस वर्षे पाहुण्याआधी कोणाच्या जिभेला अन्न लागू दिले नाही, त्याच ती बशी यजमानांपुढे सरकवितात. काकासाहेब वडी सावकाश चावतात. सारे स्वयंपाकघर थांबलेले असते. ते मान हलवितात, तेव्हाच पाने वाढली जातात.

मित्रांनो, माझी आपणास एकच विनंती आहे. आपल्या घरी पाटा असेल तर त्यास मोरीत टाकू नका, आणि त्यास टाकी लावाल तेव्हा घाई करू नका. साबणाने वरचे वर चमकविलेल्या वस्तूच्या पोटात काय दडले आहे, हे पाहुण्याच्या दाताला कळण्याआधी आपल्या दाताला कळू द्या. आता मला रजा द्या. राहीबाईची छिन्नी वाजू लागली आहे, आणि काकासाहेबांनी कोट काढला आहे.